कॉर्व्हेटनेही इंजिन मागे नेलं. पुढच्या इंजिनाच्या जीटी गाड्यांचं आता काय?

माणदेशी (धागाकर्ता)

१८ जून २०१७. रविवारची संध्याकाळ, साडेसहा वाजत आलेले, घरात पाहुणे बसलेले आणि मी स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल धरून उभा. फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत संपायला दोन फेऱ्या उरल्या होत्या. जीटीई प्रो गटात (जीटी म्हणजे विकायच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या रेसकार) पहिल्या नंबरासाठी दोन गाड्या एकमेकींना चिकटून पळत होत्या: जॉर्डन टेलरची कॉर्व्हेट सी७.आर आणि जोनाथन अ‍ॅडमची अ‍ॅस्टन मार्टिन व्हँटाज. आर्नाजच्या वळणावर अ‍ॅडम आत घुसला, टेलरने लगेच जागा परत घेतली. पण त्याच फेरीच्या शेवटी फोर्ड शिकेनला (वेग तोडणाऱ्या लागोपाठच्या वळणांना) कॉर्व्हेट सरळ खडीत गेली, टायरची हवा जायला लागली आणि मुख्य स्ट्रेटवर अ‍ॅस्टन पुढे निघून गेली. शेवटची फेरी कॉर्व्हेटने लंगडत काढली आणि फोर्डनेही तिला गाठून दुसरा नंबर घेतला.

एक गोष्ट मला फार नंतर जाणवली. त्या गटात फोर्ड जीटी होती, फेरारी ४८८ होती, त्याच वर्षी इंजिन मध्ये आणलेली पोर्शे ९११ आरएसआर होती. तिघींचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. आणि चोवीस तासांनंतर पहिल्या नंबरासाठी भांडत होत्या त्या दोन्ही लांब बॉनेटच्या, पुढे व्ही८ असलेल्या गाड्या.

मग तीन वर्षांत चित्र पालटलं. जानेवारी २०२० ला डेटोनात कॉर्व्हेट सी८.आर उतरली, इंजिन ड्रायव्हरच्या मागे. सी७.आर तिच्या शेवटच्या वर्षी, २०१९ ला, अमेरिकेत एकही शर्यत जिंकली नव्हती. सी८.आरने पहिल्याच वर्षी अँटोनिओ गार्सिया आणि टेलरला आयएमएसए या अमेरिकन मालिकेच्या जीटीएलएम गटाचं विजेतेपद मिळवून दिलं, पुढच्या वर्षी पुन्हा. वीस वर्षं पुढच्या इंजिनाच्या बाजूने उभा राहिलेला सगळ्यात खंदा संघच त्या बाजूला गेला.

माझा प्रश्न सरळ आहे. जीटी रेसिंगमध्ये पुढचं इंजिन हा आता फक्त नियमांच्या कुबड्यांवर चालणारा प्रकार उरलाय का? की त्यात स्वतःचं असं काही बळ आहे? मी इंजिनिअर नाही, शर्यती मात्र मनापासून बघतो. जाणकारांनी उलगडून सांगावं.

सह्यकडा

चांगला धागा. पण उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. कुबड्याच.

जीटी३ मध्ये, म्हणजे आजच्या मुख्य जीटी गटात, बीओपी असतं, म्हणजे कामगिरीचा समतोल साधायचे नियम. वेगवान गाडीला वजन लावतात, तिच्या इंजिनाची हवा किंवा टर्बोचा दाब कमी करतात, उंची वाढवायला लावतात. हळू गाडीला सूट. असं करून सगळ्यांचं लॅप टाइम एका पट्टीत आणल्यावर इंजिन पुढे आहे की डिकीत, याला काय अर्थ उरतो? उद्या पीठगिरणी पळवली तरी बीओपी तिला पोडियमवर नेईल. बेंटले कॉन्टिनेंटल बघा. रस्त्यावरची गाडी दोन टनांहून जड, तिला १३०० किलोवर आणून जीटी३ केली आणि तिने २०२० ला बाथर्स्टची १२ तासांची शर्यत मारली. ही जिंकली कुणी, गाडीने की नियमाने?

जिथे नियम मोकळे आहेत तिथे एकही शहाणा माणूस इंजिन पुढे ठेवत नाही. निस्सानने २०१५ ला ले मान्समध्ये इंजिन पुढे असलेली, पुढची चाकं फिरवणारी प्रोटोटाइप (फक्त शर्यतीसाठी बनवलेली गाडी) आणली होती. तीन गाड्या उतरल्या, निकालात एकीचीही नोंद झाली नाही.

मृण्मयी_जर्मनी

सह्यकडा, निस्सानचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्या गाडीत शक्तीही पुढच्याच चाकांना जात होती आणि हायब्रिड यंत्रणा धड चालली नाही. जीटीमधल्या पुढच्या इंजिनाच्या गाड्या मागची चाकं फिरवतात. तो वेगळाच प्राणी आहे.

माणदेशी, तुमच्या प्रश्नाला थोडं गणित लागेल. मी वाहन उद्योगातच काम करते (रेसिंगमध्ये नाही, हे आधीच सांगते), तर जमेल तितकं सोपं करून मांडते.

एक गाडी धरा. वजन १३०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंटीमीटर, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.७ मीटर. ब्रेक मारल्यावर गाडी दीड जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीने, मंदावते. हवेचा दाब आत्ता बाजूला ठेवू. या ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर साधारण २९० किलो भार सरकतो. हा आकडा इंजिन कुठेही असलं तरी तेवढाच.

आता पुढच्या इंजिनाची गाडी पन्नास-पन्नास वाटणीची. उभी असताना पुढे ६५०, मागे ६५०. ब्रेकखाली पुढे ९४०, मागे ३६०. मिड-इंजिन गाडी (इंजिन ड्रायव्हरच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे) ४२-५८ वाटणीची धरा. उभी असताना पुढे ५४६, मागे ७५४. ब्रेकखाली पुढे ८३५, मागे ४६५. पहिल्या गाडीत पुढच्या दोन टायरांवर ७२ टक्के काम पडतं, दुसरीत ६४. मागचे टायर पहिल्या गाडीत जवळजवळ रिकामे बसलेले असतात. वळणातून बाहेर पडताना हिशोब उलटा फिरतो, पण फायदा पुन्हा मिड-इंजिनालाच: शक्ती मागच्या चाकांना आणि भारही तिथेच जास्त.

म्हणून पुढच्या इंजिनाच्या जीटी गाड्यांचे पुढचे टायर बघा, मागच्यांइतकेच रुंद दिसतील. पुढच्या टोकाला पकड हवी असेल तर रबर जास्त द्यावंच लागतं.

आणि हे फक्त भाराचं झालं. वजन कुठे किती विखुरलंय हा वेगळा विषय. इंजिन, गिअरबॉक्स, ड्रायव्हर, टाकी हे सगळं गाडीच्या पोटात गोळा केलं की ती चटकन वळते. टोकांना ठेवलं की वळायला वेळ घेते.

माणदेशी

मृण्मयीताई, शेवटचा मुद्दा वाचला आणि एकदम कावड डोळ्यांसमोर आली.

आमच्याकडे चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात, मुंगी घाटातून चढवतात. लहानपणी मी हौसेने साधी दोन घागरींची कावड खांद्यावर घेऊन बघितली होती. सरळ चालताना काही नाही. वळायला गेलात की तुम्ही वळता, टोकाच्या घागरी वळत नाहीत. त्या आधीच्या दिशेनेच जायला बघतात. आणि एकदा फिरायला लागल्या की तुम्ही थांबलात तरी त्या थांबत नाहीत, तुम्हालाच ओढून नेतात. तेवढंच पाणी एका हंड्यात भरून डोक्यावर घेतलं तर गर्रकन वळता येतं.

पुढे इंजिन आणि मागे गिअरबॉक्स म्हणजे कावडच की. बरोबर समजलो का?

मृण्मयी_जर्मनी

अगदी बरोबर. आणि कावडीचा दुसरा गुणही त्यात आला: ती उशिरा वळते तशी उशिरा घसरते. ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळतो. मिड-इंजिन गाडीचं मागचं टोक सुटलं की बऱ्याचदा कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

फिरकी_पाना

सांगलीत माझं छोटं वर्कशॉप आहे, रॅलीसाठी आणि ट्रॅकवर पळवायला गाड्या तयार करून देतो. वरची चर्चा आवडली, पण एक गैरसमज दूर करायला हवा. "पुढचं इंजिन" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आपली रोजची हॅचबॅक येते, जिच्यात इंजिन पुढच्या चाकांच्या वर, आडवं बसवलेलं असतं. रेसच्या जीटीत तसं नसतं.

मर्सिडीज-एएमजी जीटी३ चा बॉनेट उघडलेला फोटो शोधा. समोर आधी रेडिएटर, मग हवेचे मोठे डक्ट, आणि इंजिन कुठे तर पार मागे, डॅशबोर्डच्या कुशीत, पुढच्या ॲक्सलच्या मागे. म्हणजे दोन ॲक्सलच्या मधलंच इंजिन ते, फक्त ड्रायव्हरच्या पुढ्यात. गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलला. कॉर्व्हेटने १९९७ च्या सी५ पासून रस्त्यावरच्या गाडीतही गिअरबॉक्स मागे नेला होता. बीएमडब्ल्यूच्या रस्त्यावरच्या एम४ ला गिअरबॉक्स इंजिनला चिकटून आहे, पण एम४ जीटी३ करताना त्यांनी तो उचलून मागे नेला. वाटणी जमवायची तर दुसरा उपायच नाही.

रेसची गाडी बनवणारा माणूस ड्राय सम्प लावून (इंजिनाखालची तेलाची टाकी काढून वेगळीकडे ठेवून) इंजिन जमिनीला टेकेल इतकं खाली घेतो. क्रँकशाफ्टची उंची दोन इंच खाली आली तर गाडी वेगळीच होते. आमच्या साध्या गाड्यांमध्ये बॅटरी बॉनेटमधून काढून मागच्या सीटच्या जागी ठेवली तरी गिऱ्हाईक पहिल्याच वळणावर विचारतं, स्टिअरिंगला काय केलंत?

उष्णतेचं कुणी बोललं नाही अजून. ओम्नी चालवलेल्यांना आठवत असेल, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात सांगलीहून पंढरपूरला जाऊन या, सीट कव्हरमधून चटका मांडीला लागतो. पुढच्या इंजिनाच्या रेसकारमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या पायांपुढे असतं, सायलेन्सर बऱ्याचदा दाराखालून बाहेर काढलेला असतो. दोन-दोन तास त्या भट्टीत बसून ब्रेक पॉइंट चुकवायचा नाही. हे कुठल्याच लॅप टाइमच्या तक्त्यात दिसत नाही.

सह्यकडा

फिरकी_पाना, उत्तम माहिती, मनापासून धन्यवाद. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. इंजिन मागे ढकला, गिअरबॉक्स मागे न्या, टायर रुंद करा, इंजिन खाली घ्या, एवढा खटाटोप कशासाठी? मिड-इंजिनाच्या जवळ जाण्यासाठीच ना?

गोदाकाठ

मी वयाने तुमच्यात मोठा असेन, म्हणून थोडं मागचं सांगतो. सह्यकडांचा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे.

फॉर्म्युला वनमध्ये कूपर संघाने १९५९ ला मागच्या इंजिनावर विजेतेपद घेतलं आणि पुढच्या इंजिनाचा शेवटचा विजय १९६० ला मोंझात फिल हिलच्या फेरारीचा. ले मान्स एकूणात जिंकणारी शेवटची पुढच्या इंजिनाची गाडी १९६२ ची, तीही फेरारी, त्यातही फिल हिल आणि सोबत ऑलिव्हिए जँदबिएँ. तिथे विषय संपला. पण जीटीत संपला नाही, कारण जीटीला विकायच्या गाडीचा आधार लागतो. फेरारीने मिड-इंजिनाची २५० एलएम जीटी म्हणून मान्य करून घ्यायचा प्रयत्न केला. नियमाप्रमाणे १०० गाड्या बनलेल्या नव्हत्या, मान्यता मिळाली नाही. तीच एलएम १९६५ ला प्रोटोटाइप म्हणून ले मान्स एकूणात जिंकली, मॅस्टन ग्रेगरी आणि योखेन रिंट. आणि त्याच वर्षी जीटीचं जागतिक विजेतेपद नेलं कुणी? शेल्बी डेटोना कूपेने. इंजिन पुढे.

तेव्हापासूनचा नियम असा दिसतो की जीटीत इंजिनाची जागा इंजिनिअर ठरवत नाही, शोरूम ठरवतं. लोकांना लांब नाकाची गाडी आवडते, तर रेसकारलाही लांब नाक.

आणि ती रेसकार दर वेळी कुबडीवर नव्हती बरं. बीओपीचा आजचा बारीक हिशोब नव्हता तेव्हा डॉज व्हायपर जीटीएस-आर १९९८, १९९९, २००० सलग तीन वर्षं ले मान्समध्ये आपल्या गटात जिंकली. डेटोनाची २४ तासांची शर्यत २००० ला व्हायपरने आणि २००१ ला कॉर्व्हेट सी५-आरने एकूणात मारली, प्रोटोटाइपना मागे टाकून. प्रोटोटाइप मोडले आणि या चालत राहिल्या. माझ्या लेखी तोही विजयच.

सह्यकडा

गोदाकाठ काका, २५० एलएमचं मला माहीत नव्हतं. मान्य, पूर्वीच्या काळाबद्दल मी घाईने बोललो. आजच्या काळाबद्दल अजून पटलेलं नाही.

मृण्मयी_जर्मनी

आजचंच सांगते मग.

बीओपी लॅप टाइम सारखं करतं. लॅप टाइम कुठून येतं ते सारखं करू शकत नाही. एक गाडी स्ट्रेटवर कमावते, दुसरी वळणात. एकटी पळत असताना दोघींचं घड्याळ सारखं. गर्दीत शिरल्यावर नाही. वळणात कमावणारी गाडी पुढच्याच्या मागे अडकली की तिची कमाई बंद, कारण वळणात ओव्हरटेक होत नाही. स्ट्रेटवर आणि ब्रेकिंगला कमावणारी पुढे निघून जाते. त्यात पाऊस, थंड ट्रॅक, टायरचा तिसरा तास. समतोल एका बिंदूवर साधलेला असतो, शर्यत त्या बिंदूवर फार थोडा वेळ असते.

आम्ही काही जण इथल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या २४ तासांना तंबू टाकतो. पंचवीस किलोमीटरहून मोठी फेरी, रात्री जंगलात अंधार, शेकोट्यांचा धूर ट्रॅकवर पसरलेला. ब्रुनशनच्या उतारावर कुंपणाला टेकून उभं राहिलं की डोळे मिटून गाडी ओळखता येते. एएमजी जीटी३ चं ६.२ लिटरचं बिनटर्बोचं व्ही८ आधी छातीत जाणवतं, मग कानाला. ती गाडी उजव्या वळणावर नाक टाकते तेव्हा एक क्षण थांबल्यासारखी होते, मग सगळी एकत्र वळते, आणि ओल्या पॅचवर मागचं टोक हातभर सरकलं तरी ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडत नाही. आवाज तुटत नाही. मिड-इंजिन गाडी तिथे कमी वेळात वळते, पण रात्री तीन वाजता, पाऊस भुरभुरत असताना, तिच्या इंजिनाचा आवाज मधूनच कापला गेलेला ऐकू येतो. ड्रायव्हरने पाय उचललेला असतो.

२०१६ ला गारपिटीने ती शर्यत थांबवावी लागली होती. त्या वर्षी पहिले चारही नंबर एएमजी जीटी३ चे. गाडीचं ते पहिलंच वर्ष. मी याला योगायोग मानत नाही.

फिरकी_पाना

आवाज तुटत नाही. क्या बात! वर्कशॉपमध्ये आम्ही गिऱ्हाइकाची लॅप रेकॉर्डिंग ऐकतो तेव्हा हेच ऐकतो.

सह्यकडा

२०२३ ला न्युर्बुर्गरिंगला फेरारी २९६ जिंकली होती, १६२ फेऱ्यांचा विक्रम करून. तिचं इंजिन मध्ये आहे, मृण्मयीताई.

मृण्मयी_जर्मनी

हो, आणि त्या वर्षी हवा कोरडी होती. :)

पण तुमचं म्हणणं मी टाळत नाही. कोरड्यात, मोकळ्या ट्रॅकवर, निष्णात ड्रायव्हरच्या हाती मिड-इंजिन गाडी जास्त देते असं माझंही मत आहे. पोर्शेने २०१७ च्या आरएसआरसाठी इंजिन ॲक्सलच्या पुढे आणलं ते काही वजनाच्या वाटणीपुरतं नव्हतं. मागे इंजिन लटकत असलं की खाली डिफ्यूझरला (गाडीला जमिनीकडे ओढणाऱ्या, तळाच्या मागच्या भागाला) जागा उरत नाही. इंजिन पुढे सरकलं, मागे मोठा डिफ्यूझर बसला, गाडी जमिनीला चिकटली. २०१८ ला ती ले मान्समध्ये गट जिंकली, त्या गुलाबी रंगाच्या गाडीने.

उलट पुढच्या इंजिनाच्या गाडीत मागे फक्त गिअरबॉक्स असतो, त्यामुळे तिथे जागेची ओढाताण कमी. तिची अडचण नाकापाशी. रेडिएटरची हवा, इंजिनाची हवा, ब्रेकची हवा, सगळ्यांना एकाच तोंडातून आत जायचं आणि इंजिनाला वळसा घालून बाहेर पडायचं.

माणदेशी

एक शंका. पोर्शेने इंजिन मध्ये नेलं म्हणता, मग हल्ली जी ९११ जिंकते तीही मिड-इंजिन का?

मृण्मयी_जर्मनी

नाही, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मिड-इंजिन फक्त आरएसआर, म्हणजे जीटीई गटाची गाडी. तो गट आता बंद झाला. जीटी३ ची ९११ अजूनही मागच्या ॲक्सलच्या मागेच इंजिन ठेवते. २०२३ च्या नव्या मॉडेलमध्ये इंजिन साडेपाच अंशांनी तिरकं करून डिफ्यूझरला जागा काढलीय, एवढंच.

गोदाकाठ

म्हणजे बैलगाडीच्या भाषेत ती उलाळ. भार मागे गेलेली. आणि तीच २०२४ ला आणि २०२५ ला ले मान्सचा जीटी३ गट जिंकली. कागदावर सगळ्यात वाईट जागी इंजिन असलेली गाडी.

बरं, २०२४ च्या त्या पोडियमवर दुसरी बीएमडब्ल्यू एम४, तिसरी फोर्ड मस्टँग. दोन्ही पुढच्या इंजिनाच्या. मिड-इंजिन एकही नाही. त्या वर्षी जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत नऊ कंपन्या होत्या: अ‍ॅस्टन, बीएमडब्ल्यू, फोर्ड आणि लेक्सस पुढच्या इंजिनाच्या, कॉर्व्हेट, फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅकलारेन मधल्या, पोर्शे मागची. चार, चार, एक. पुढच्या वर्षी लॅम्बोर्गिनी गेली, मर्सिडीज आली: पाच, तीन, एक. मरणाऱ्या जमातीची संख्या अशी वाढते का हो?

सह्यकडा

संख्या कंपन्या काय विकतात त्यावर ठरते, तुम्हीच वर म्हणालात, काका. जलद काय आहे त्यावर नाही. मला एक उदाहरण द्या जिथे तोच संघ, तीच गाडी, इंजिन मध्ये होतं ते पुढे आणलं, आणि तरीही जिंकले. उलट दिशेची उदाहरणं दोन झाली, पोर्शे आणि कॉर्व्हेट. या दिशेचं एक तरी?

योकोहामा_मराठी

आहे. मी इतके दिवस नुसता वाचत होतो, पण हे विचारल्यावर राहवलं नाही.

जपानच्या सुपर जीटीत जीटी५०० हा वरचा गट. होंडाची एनएसएक्स तिथे वर्षानुवर्षं मिड-इंजिन. नियम पुढच्या इंजिनाचा झाला तेव्हा होंडाने २०१० ला एचएसव्ही-०१० ही पुढच्या इंजिनाची गाडी आणली आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद घेतलं. २०१४ ला नियम पुन्हा बदलले. जर्मनीच्या डीटीएम मालिकेच्या धर्तीवर सगळ्यांना एकसारखा कार्बनचा सांगाडा, तोही पुढच्या इंजिनासाठी आखलेला. होंडाला नवी एनएसएक्स मिड-इंजिनच पळवायची होती. सवलत मिळाली, पण वजनाचा भुर्दंड लागला. पुढच्या इंजिनासाठी बनवलेल्या सांगाड्यात इंजिन मागे बसवायचं, म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालायचा. सुरुवातीची वर्षं जड गेली. २०१८ ला कुनिमित्सु संघाच्या निळ्या रेब्रिग एनएसएक्सने विजेतेपद घेतलंच, नाओकी यामामोतो आणि जेन्सन बटन.

मग २०२० साठी सवलत संपली. एनएसएक्सला इंजिन पुढे आणावं लागलं. नाव तेच, संघ तोच, गाडीचा आकार लांबून बघणाऱ्याला तोच, आणि बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो. यामामोतोसोबत आता तादासुके माकिनो.

२९ नोव्हेंबर २०२०, फुजी, शेवटची शर्यत. शेवटच्या फेरीत र्यो हिराकावाची टोयोटा सुप्रा पुढे, शर्यत आणि विजेतेपद दोन्ही त्याच्या खिशात. शेवटचं वळण घेऊन तो स्ट्रेटवर आला आणि गाडीतलं पेट्रोल संपलं. रेषा समोर दिसत असताना सुप्रा मंदावत गेली आणि यामामोतोची एनएसएक्स बाजूने निघून गेली. शर्यतही आणि विजेतेपदही. दोन वर्षांच्या अंतराने त्याच संघाने, त्याच ड्रायव्हरने, त्याच नावाच्या गाडीत. एकदा इंजिन मध्ये, एकदा पुढे.

सह्यकडा, बीओपीचं म्हणाल तर जीटी५०० मध्ये जीटी३ सारखं बीओपी नाही. जिंकणाऱ्यावर वजन चढतं ते सगळ्यांना सारख्याच नियमाने, आणि शेवटच्या शर्यतीत तेही नसतं.

आपल्या दृष्टीने अजून एक धागा यात आहे. २०१९ ला, म्हणजे मिड-इंजिन एनएसएक्सच्या शेवटच्या वर्षी, नारायण कार्तिकेयन नाकाजिमा संघातून तीच गाडी चालवत होता. त्याचा जोडीदार कोण? हाच माकिनो. त्या नोव्हेंबरात फुजीला सुपर जीटी आणि डीटीएमची एकत्र शर्यत झाली, तिची रविवारची फेरी नारायणने जिंकली. मिड-इंजिन एनएसएक्सचा तो निरोपाचा दिवस, आणि चालवणारा कोईम्बतूरचा.

सह्यकडा

योकोहामा_मराठी, मागितलं त्याहून जास्त दिलंत. हे उदाहरण मला खोडता येत नाही. एवढंच म्हणेन की सांगाडाच पुढच्या इंजिनासाठी आखलेला होता, त्यामुळे इंजिन पुढे आल्यावर गाडी आपल्या मापाच्या सदऱ्यात परत आली. म्हणजे इंजिन कुठे आहे यापेक्षा बाकीची गाडी त्या इंजिनाभोवती विचारपूर्वक बांधलीय का, हे मोठं ठरतं. कुबड्या हा शब्द मी मागे घेतो.

फिरकी_पाना

सदऱ्याच्या मापाचं लाखात बोललात. कॉर्व्हेटचं दुखणंही तेच असावं असं मला वाटतं. पुढच्या इंजिनात जेवढं मागे ढकलता येईल तेवढं त्यांनी सी७ पर्यंत ढकललं होतं. इंजिन अजून मागे नेलं तर ड्रायव्हरच्या मांडीवर येणार. मग उडी मारून त्याच्या पाठीमागे न्यायचं, दुसरी वाट नाही. तिथल्या जुन्या इंजिनिअरची, झोरा आर्कस-डुंटोव्हची, तीच इच्छा होती. तो १९९६ ला गेला. त्याची मिड-इंजिन कॉर्व्हेट २०१९ ला आली.

पण अ‍ॅस्टनने तसं केलं नाही. २०१८ ची नवी व्हँटाज जीटीई ले मान्सला पहिल्या वर्षी पार मागे होती. तीच गाडी घासूनपुसून २०२० ला ले मान्सचा जीटीई प्रो जिंकली, फेरारी ४८८ ला हरवून, आणि त्याच गाडीने थीम आणि सोरेनसन या ड्रायव्हरांना जागतिक जीटी विजेतेपद दिलं. चार वर्षांनी, २०२४ ला, त्याच दोघांनी मातिया द्रुदीसोबत व्हँटाज जीटी३ मध्ये बेल्जियममधल्या स्पाचे २४ तास मारले. घासूनपुसून हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्या धंद्यात नव्वद टक्के काम तेच असतं.

माणदेशी

मंडळी, मला जे हवं होतं त्याच्या दुप्पट मिळालं. सगळ्यांचे आभार.

माझ्या मनात आता वेगळाच प्रश्न उभा राहिलाय. "कोण जलद" हा प्रश्न मी २०१७ च्या त्या संध्याकाळपासून धरून बसलो होतो. तुमचं वाचून वाटतंय की त्या दिवशी अ‍ॅस्टन आणि कॉर्व्हेट शेवटी पुढे होत्या, कारण चोवीस तास ती कावड खांद्यावर सांभाळून चालणाऱ्यांच्या हाती होती. उशिरा वळते, उशिरा सुटते, आणि चाल कळलेल्या माणसाला शेवटपर्यंत नेते.

हे आता डोळ्यांनी बघायचंय. योकोहामा_मराठी, कुनिमित्सुच्या २०१८ आणि २०२० च्या गाड्यांचे आतून घेतलेले व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले, तर फरक नेमका कुठे दिसेल?

योकोहामा_मराठी

फुजीच्या शेवटच्या भागात. लांब स्ट्रेट सोडून द्या, तिथे दोन्ही सारख्याच दिसतील. डनलॉप शिकेननंतर चढ लागतो, एकामागून एक हळू वळणं येतात. तिथे यामामोतोचे हात बघा. २०१८ मध्ये स्टिअरिंग एकदा वळतं आणि लगेच छोट्या-छोट्या दुरुस्त्या सुरू होतात. २०२० मध्ये तो थोडं आधी वळवतो, थांबतो, आणि मग हात स्थिर. आवाज बंद करून एकदा बघा, मग आवाज चालू करून.

फिरकी_पाना

आणि आवाज चालू केल्यावर इंजिन नका ऐकू, टायर ऐका. पुढचे ओरडतायत की मागचे, ते लिहून ठेवा वळणागणिक. इथेच टाका, आपण सगळे मिळून बघू.